लेखनिक मंडळाचा एप्रिल

मार्च सरायला लागला की उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कडुनिंबाची बारीक फुलं पडायला लागतात. स्कूटरच्या सीटवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर. पाणी कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळं ज्या दिवशी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली घर सोडून हलत नाही. अशाच एका पाण्याच्या दिवशी मी बादल्या भरत होते आणि यंदाची पहिली पोरं दारात आली. एक मुलगा, एक मुलगी. हातात प्लॅस्टिकची फाइल, घामानं कपाळाला चिकटलेले केस आणि चेहऱ्यावर ते ठरलेलं हसू. ते हसू मी लांबूनही ओळखते. मीही ते पुष्कळ वापरलंय.

त्यांचं म्हणे आकाशनिरीक्षण मंडळ आहे. दुर्बीण घ्यायचीय, विद्यापीठाकडं असल्या खर्चाची तरतूद नाही, म्हणून स्मरणिका काढतायत, तर मॅडमनी एक शुभेच्छांची जाहिरात द्यावी. मॅडम म्हणजे मी. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि तेही कॉलेजला आठवण झाली तर. हे त्या लेकरांना कुठून माहीत असणार? जमेल तेवढं दिलं. मग सहज विचारलं, कार्यक्रमाला पाहुणे कोण? दोघांचे चेहरे असे खुलले, काय सांगू. एक भाऊ मिळालेत म्हणे. बिल्डर आहेत, एप्रिलात त्यांचा वाढदिवस असतो, त्याच दिवशी स्टेजवर दुर्बिणीचा चेक देणार आहेत. माझी बादली भरून वाहायला लागली तरी मला पत्ता नाही. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणाचा पेपर आहे का, एवढंच मी विचारलं. पण आवाज असा काही चढला की ती मुलगी मागं सरली आणि दोघं थँक्यू म्हणून पटकन निघून गेली. बिचारी. त्यांचा काय दोष?

एप्रिल म्हटलं की माझ्या आईला पापडाचं पीठ आठवतं. मला आठवते विद्यापीठातली पत्र्याची एक खोली. मागं सोनेरी महालाकडचे डोंगर, त्यांच्यावर वाळून तांबूस पडलेलं गवत, दुपारच्या झळांनी थरथरणारी सगळी हवा, आणि दारावर खडूनं लिहिलेलं 'लेखनिक मंडळ'. पत्रा इतका तापायचा की आतला पंखा नुसतं गरम वारं ढवळायचा. आम्ही ओल्या रुमालानं मान पुसत बसायचो आणि कुणाच्या पेपरला कुणाला पाठवायचं याची जुळवाजुळव करायचो.

ज्यांना दिसत नाही त्या विद्यार्थ्यांचा पेपर लिहायला माणूस लागतो. विद्यार्थी उत्तर सांगतो, लेखनिक उतरवतो. ऐकायला किती सोपं. पण नियम असा, की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे. जास्त शिकलेला चालत नाही. मग खालच्या वर्गातलं पोरगं शोधा. त्याची परीक्षा संपून ते गावाला गेलेलं असतं, तर त्याला एसटीचं भाडं पाठवून बोलवा. कुणी वाळूजला कंपनीत जात असतं, त्याला खाडा करायला लावा. दुपारचं जेवण द्या. हे सगळं कुणी आपल्या खिशातून किती दिवस करणार? मंडळाला पैसा लागायचा तो एवढ्यासाठी. खाऊनपिऊन उडवायला नाही.

मंडळ काढलं सुगतदादानं. गंगापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातला, राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, जन्मापासून न दिसणारा. दिसायला उंच, जेवताना हिरवी मिरची कचाकचा चावणारा, आणि भलताच हट्टी. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि त्याची लेखनिक होते. पहिल्याच सराव पेपरला मी त्याचं एक वाक्य माझ्या मनानं सुधारलं, तर केवढा तापला. म्हणाला, "तुझं शहाणपण घरी ठेवून ये वैशू. चुकलं तर माझं चुकू दे." त्यानंतर मी कधी त्याच्या उत्तराला हात लावला नाही. रस्त्यानं जाताना चौकातले फ्लेक्स वाचून दाखव म्हणायचा. मी वाचायचे, भावी नगरसेवक, युवकांचे आशास्थान, वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा, आणि हा पोट धरून हसायचा. एवढे लोक एवढ्या वेळा जन्मतात कसे, विचारायचा.

आमचा सेक्रेटरी नासिर, शहागंजचा, हिंदीचा विद्यार्थी. त्या वर्षी एप्रिलात रमजान होता. नासिर रोजा धरून भर उन्हात माझ्याबरोबर दुकानं पालथी घालायचा. पाण्याचा घोट नाही आणि तोंडानं अखंड बोलणं, मंडळ काय, लेखनिक काय, गरज काय. गुलमंडीतल्या कापड दुकानात थंड हवा लागायची म्हणून आम्ही जरा जास्तच वेळ समजावून सांगायचो. दुकानदार म्हणायचे, परवाच जयंतीची वर्गणी दिली, काल इफ्तारचं दिलं, सुट्या संपल्या की या. सुट्या संपल्यावर परीक्षा कुठं असते? विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो तर साहेब चांगलं बोलले, चहा पाजला, उपक्रमाचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाले की असं लेखाशीर्षच नाही. मंडळांना पैसे मिळतात ते नाचगाण्याच्या महोत्सवाला, खेळांना. पेपर लिहायला मिळत नाहीत.

देणारे नव्हते असं नाही. उलट भरपूर होते. पण त्यांना काठ्या द्यायच्या असायच्या. पांढऱ्या, घडीच्या काठ्या. काठी हातात देता येते, देताना फोटो निघतो, फोटोत काठीही दिसते, देणाराही दिसतो. एसटीचं भाडं हातात देताना काय फोटो काढणार? त्यामुळं आमच्या मंडळातल्या पोरांकडं काठ्यांचे ढीग झाले होते. एकानं काळे गॉगल वाटले. एकानं भर एप्रिलात ब्लँकेटं दिली. नासिर चिडून म्हणायचा की या काठ्याच आता पेपर लिहायला बसवू. सुगतदादा नेहमी हसण्यावारी न्यायचा. पण एकदा एका पोराला लेखनिक न मिळाल्यामुळं कोऱ्या उत्तरपत्रिकेवर नुसता नंबर टाकून परत यावं लागलं, त्या दिवशी तो जेवला नाही. खोलीच्या कोपऱ्यातल्या त्या काठ्या गोळा केल्या आणि बाहेर नेऊन आपटल्या.

आणि मग मिळाले भाऊ, आता या पोरांना मिळालेत तेच. त्यांच्या पी.ए.नं नासिरला ऑफिसात बोलावून बसवलं, कोल्ड्रिंक विचारलं, रोजा आहे म्हटल्यावर माफी मागितली. भाऊ काठ्या देणार नव्हते, पैशांचा चेक देणार होते. बरीच वर्षं सगळ्यांची भाडी भागली असती एवढा. अट एकच. वाढदिवसाच्या कार्यक्रमात, स्टेजवर, मंडळाच्या अध्यक्षानं तो स्वीकारायचा. वाढदिवस नेमका सुगतदादाच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. तारीख पुढंमागं होईल का, नासिरनं विचारलं. वाढदिवस आहे हो, पुढंमागं कसा करायचा, असं उत्तर आलं, आणि त्यात त्याचं तरी काय चुकलं म्हणा. कार्यक्रम सकाळी दहाला होता, पेपर दुपारी दोनला. जालना रोडवरच्या मंगल कार्यालयातून रिक्षानं असं कितीसं अंतर? आम्ही हिशेब केला आणि हो म्हणालो. दहा म्हणजे दहा, असं आम्हाला खरंच वाटलं. या शहरात जन्म गेला आमचा, तरी वाटलं.

त्या पेपरवर काय अवलंबून होतं, तेही सांगते. पैठणच्या बाजूला एक निवासी शाळा आहे. तिच्या संस्थाचालकांनी सुगतदादाला शब्द दिला होता, जूनपर्यंत एम.ए.चा निकाल हातात ठेवा, जागा तुमची. त्याच्या गावात, त्याच्या घरात, नोकरीची अशी बोली कुणाशी झालेली नव्हती. त्याची आई गंगापूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटली होती.

त्या दिवशी मी सकाळपासून परीक्षा केंद्रावर होते. लेखनिकाला वेगळी खोली देतात. जुन्या बाकांची अडगळ एका बाजूला सारून केलेली जागा, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून आत आलेली कडुनिंबाची फुलं. पर्यवेक्षक म्हणून एक वयस्कर मॅडम होत्या, त्यांनी मला त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी पेनं काढून ठेवली, परवानगीचं पत्र काढून ठेवलं आणि फोनकडं बघत बसले. नासिर कळवत होता. भाऊ अजून आले नाहीत. भाऊ टी.व्ही. सेंटरच्या चौकात केक कापतायत. आता दुसऱ्या चौकात. जेसीबीतून फुलं टाकतायत अंगावर, म्हणून उशीर होतोय. निघालेत. निघालेत. मला फोन बाहेर ठेवायला सांगितलं तेव्हाही भाऊ निघालेलेच होते.

तिथं काय झालं ते मी नंतर नासिरकडून ऐकलं, आणि त्याच्या फोनवर पाहिलंही. न दिसणारी सगळी पोरं स्टेजवर पहिल्या रांगेत बसवलेली. मागं भाऊंचा भिंतभर फोटो. बारा वाजून गेले तेव्हा नासिर पी.ए.कडं गेला आणि म्हणाला, यांचा पेपर आहे, यांना सोडा, चेक मी घेतो. पी.ए. वाईट माणूस नव्हता, त्यानं नीट समजावून सांगितलं. "अहो, डोळस माणसाच्या हातात चेक दिला तर फोटोला काय अर्थ राहील?" नासिर परत स्टेजवर गेला आणि सुगतदादाच्या कानाशी म्हणाला, "चलो दादा, नक्को अपने को ये चेक. रिक्षा खड़ी है." सुगतदादा उठला नाही. त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं, हे मला आजही जास्त छळतं. तो म्हणाला, "मी उठलो तर चेक गेला नासिर. पुढल्या वर्षी या पोरांचे पेपर कोण लिहील? बसू दे मला."

भाऊ आले. हार झाले, शाली झाल्या, भाषणं झाली. भाऊ स्वतः बोलायला उभे राहिले, दिव्यांग बांधवांच्या आयुष्यात प्रकाश आणायचा म्हणाले. सुगतदादाच्या मनगटावर बोलणारं घड्याळ असायचं, बटण दाबलं की हिंदीतून वेळ सांगणारं. त्यानं ते दाबलं. माईक जवळच होता. सगळ्या हॉलमध्ये बाईचा खणखणीत आवाज घुमला, दो बजकर पैंतीस मिनट. लोक हसले. भाऊही दिलखुलास हसले, हो हो आवरतो म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. फोनवरच्या त्या चित्रात सगळे हसतायत आणि सुगतदादा सरळ समोर तोंड करून बसलाय. अर्ध्या तासानंतर पेपरला आत घेत नाहीत, हे त्या हॉलमध्ये मंडळातल्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

इकडं त्या मॅडमनी अडीच वाजून गेल्यावरही जरा वेळ दार उघडं ठेवलं होतं. मग उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, जा बाळा आता. मी गेटवर येऊन उन्हात उभी राहिले. बऱ्याच वेळानं रिक्षा आली. तिच्यातून पुठ्ठ्याचा एक भला मोठा चेक बाहेर डोकावत होता, आत मावेना म्हणून नासिरनं हातानं धरलेला. त्याच्यावर भाऊंचा फोटो, मंडळाचं नाव, अक्षरी रक्कम, सगळं छापलेलं. सुगतदादाच्या गळ्यात शाल होती. उतरताच त्यानं विचारलं, "वैशू, गेट लागलं का गं?" मी लागलं म्हणाले.  तो चेकच्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे. मंडळाचं तर काम झालं." मला तो पुठ्ठा गुडघ्यावर घेऊन मोडून टाकावा वाटत होता. मी तिथंच, रस्त्यात, मोठ्यानं रडले. तोच मला गप गप म्हणत होता.

पुठ्ठ्याचा चेक बँकेत चालत नाही हे काय सांगायचं? खरा चेक ऑफिसातून घेऊन जा, असं ठरलं होतं. नासिर गेला. भाऊ बाहेरगावी होते. पुन्हा गेला, सही राहिली होती. ईद झाली, मे संपला, उन्हानं त्याचा चेहरा काळा ठिक्कर पडला. शेवटी पी.ए.नं वैतागून विचारलं, "पेपरात फोटो आला ना तुमचा?" आला होता. पहिल्याच पानावर, रंगीत. त्याला वाटलं, एवढ्यावर आमचं समाधान व्हायला हवं. सुगतदादाचं हॉस्टेल तोवर सुटलं होतं, तो गावी गेला होता. त्याला कसं सांगायचं, मी नासिरला विचारलं. नासिर खाली बघत म्हणाला, "वो उस चेक के वास्तेच बैठे थे. नक्को बोलो. कुछ तो रहने दो उनके पास." आणि आम्ही नाही सांगितलं. दिवाळीच्या सुमारास सुगतदादानं राहिलेला पेपर दिला, पासही झाला. पण पैठणच्या जागेवर जूनमध्येच दुसरा माणूस लागला होता. संस्थाचालक तरी किती थांबणार?

मंडळ त्याच्यानंतर एक वर्ष कसंबसं जगलं. भाड्याला पैसे नाहीत म्हटल्यावर लिहिणारी पोरं येईनाशी झाली, मग ज्यांच्यासाठी लिहायचं तीही येईनाशी झाली. नासिर नोकरीला पुण्याला गेला. पत्र्याच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. मी कधी त्या बाजूला गेले तर आत डोकावत नाही.

सुगतदादा गंगापूरला भावाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो. रिचार्ज मारतो. एम.ए. झालेला माणूस. दरवर्षी मार्च सरला की त्याचा फोन येतो, आणि विचारतो काय, तर सगळ्यांना लेखनिक मिळाले का. मी हो म्हणते. यंदा किती जणांचे पेपर लिहितायत, विचारतो. मी तोंडाला येईल तो आकडा सांगते. मग तो खूश होऊन म्हणतो, "चला, त्या दिवसाचं चीज झालं म्हणायचं." मी फोन ठेवते, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी कुणी धड बोलू शकत नाही. आई म्हणते, उन्हानं हिचं डोकं फिरतं.

यंदा ती पोरं येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. आवाजात लई आनंद. त्यांच्या गावची एक मुलगी, पायल, तिलाही दिसत नाही, इथं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली आहे. परीक्षा तोंडावर आलीय आणि बाप घाबरून तिला परत न्यायला निघाला होता. सुगतदादानं त्याला दुकानात बसवून चहा पाजला आणि सांगितलं, मंडळ हाय तिथं, आपलंच हाय, काही काळजी करू नका. बाप गेला निर्धास्त होऊन. मी फोन ठेवला आणि तशीच लेखनिक शोधायला निघाले.

मी काय केलं नाही? माझे विद्यार्थी सगळे तिच्या वर्गातले नाहीतर वरचे, ते चालत नाहीत. मी स्वतः तर एम.ए. होऊन बसलेली. अकरावी-बारावीचं पोरगं पाहिजे. शेजारच्या मुलीची आई म्हणाली, तिचे सीईटीचे क्लास आहेत, तिचं वर्ष महत्त्वाचं आहे. म्हणजे पायलचं नाही. चिकलठाण्याचा एक पोरगा तयार झाला, पण तो दिवसावर कामाला जातो, सहाही पेपरांचे खाडे त्याला परवडणार नाहीत. भरून द्यायचे तर माझ्याकडं दोन पेपरांपुरतेच निघत होते. पुन्हा फाइल घ्यावी, गुलमंडीला जावं, असं ठरवून मी बाहेरही पडले. क्रांती चौकात सिग्नलला उभी होते. समोर नवाकोरा फ्लेक्स लागलेला, कुणाचा तरी वाढदिवस. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी तिथूनच घरी परत फिरले.

संध्याकाळी सुगतदादाला फोन लावला. पोरगा मिळालाय पण त्याच्या खाड्याचे पैसे कमी पडतायत, असं म्हणाले. त्याला हसू आलं. म्हणाला, अगं मग मंडळाच्या पैशातून दे की, ते कशासाठी ठेवलेत? पायलसारख्यांसाठीच तर घेतला होता तो चेक.   नासिरचं 'नक्को बोलो' कानात होतं, आणि पायलचा बाप डोळ्यांसमोर.

"दादा," मी म्हणाले, "तो चेक आलाच नव्हता."

तिकडं दुकानात कुणीतरी रिचार्ज मारायला आलं होतं. त्यानं त्याला थांब म्हटलं.  मला रस्त्यावरच्या जीपांचे हॉर्न ऐकू येत होते.

"म्हणजे वैशू," त्यानं विचारलं, "त्या दिवशी मी मधूनच उठून पेपरला आलो असतो, तरी चाललं असतं?"

"हो दादा," मी म्हणाले.